पाइपाचं अंगडं

३ नोव्हेंबर १९९३, बुधवार

आले एकदाची. तोरिनोहून पोंतेल्मोला यायला गाडीने जेमतेम दीड तास लागतो, पण माझ्या चार ट्रंका, शिलाई मशीन आणि बरण्यांची टोपली पाहून स्टेशनवरच्या हमालाने विचारलं, बाई, घर मागे ठेवलंत की तेही यात आहे? मी म्हटलं, चौपन्न वर्षांचं आयुष्य आहे, जपून उचल.

घर पाहून जीव सुखावला. गल्लीच्या टोकाला आहे. पुढे स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची खोली, मागे एक लहान खोली, खाली तळघर. पूर्वी कारखान्याच्या मुकादमाचं होतं म्हणे. बाहेर नदीवरचं धुकं इतकं की समोरचं दार दिसेना, आणि आत पाऊल टाकलं तर मस्त ऊब. तोरिनोत मी सहा-सहा महिने लोकरीचे मोजे घालून झोपायचे. इथे तळघरातल्या बॉयलरचा जाड पाइप वर येऊन मागच्या खोलीच्या भिंतीला धरून जातो, त्यामुळे तीच खोली सगळ्यांत उबदार. बाळाला तिथेच ठेवायचं ठरवून टाकलं.

बाळ म्हणजे माझ्या मार्झियाचं. तिला आठवा लागलाय. जावई दारियो बोटीवर आचारी आहे, तो काही मार्चआधी येत नाही. महिनाअखेर मी तिला इकडे आणणार आणि बाळंतपण इथेच करणार. याआधी तिची दोन पोटातच गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय, तिला कसलाही धसका बसता कामा नये. म्हणून शांत गाव, उबदार घर. हे मूल सुखरूप हातात आलं की मला देवाकडे आणखी काही मागायचं नाही.

६ नोव्हेंबर, शनिवार

औषधाच्या दुकानात कामाला लागून तीन दिवस झाले. मालक डॉक्टर रास्तेली सभ्य आहेत, बोलतात मोजकं. तोरिनोला मी बावीस वर्षं याच धंद्यात काढली, पण खोकल्याच्या बाटल्या अशा खपताना पाहिल्या नाहीत. मी थट्टेने म्हटलं, सगळ्या गावाला एकदम पडसं झालंय वाटतं. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, कारखाना बंद पडून सात वर्षं झाली, पण अजून तीसेक वर्षं आपल्याला गिऱ्हाईक कमी नाही. मग कपाट लावायला लागले.

कारखान्यात सिमेंटचे पत्रे आणि नळ बनायचे. त्यात ॲस्बेस्टॉस असायचं, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक.

समोर इओलांदाबाई राहते. त्र्याहत्तर वर्षांची, खुटखुटीत, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी पोलेन्ताचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घाट्याचं, पातेलं घेऊन दारात उभी. म्हणाली, आमच्या गल्लीत बारा घरं आणि पुरुष एकच, तो म्हणजे माझा बोका. स्वतःच हसली, मीही हसले. रात्री भांडी घासताना त्या वाक्याचा अर्थ नीट लक्षात आला आणि हात थोडा वेळ पाण्यातच राहिले.

१० नोव्हेंबर, बुधवार

बरण्या ठेवायला तळघरात गेले होते. टोमॅटोच्या बरणीच्या झाकणावर पांढरा भुगा पडलेला. वर पाहिलं तर पाइपाचं वेष्टण कोपरावर फाटलेलं. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भुगा.

मग दिवा धरून नीट पाहिलं. मला अर्धवट माहितीचा तिटकारा आहे, म्हणून इथे लिहून ठेवते. पाइप मनगटाहून जरा जाड, वेष्टणासकट मांडीएवढा. वर कापड, कापडावर ऑइलपेंटचे थरावर थर. सरळ भागात कापडाखाली पन्हाळी पुठ्ठ्यासारखे थर. वळणावर मात्र लिंपलेलं काहीतरी, प्लास्टरसारखं कडक, राखट पांढरं. फाटलेल्या कडेला तूस.

काचेचा कापूस असेल तर पिवळसर असतो, चमकतो आणि खाजतो. हा खाजत नव्हता. जिप्सम असेल तर पीठ होतं. मी भाजीच्या सुरीने थोडं खरवडलं आणि चिमटीत चोळलं. पीठ झालं नाही. बोटांवर बारीक धागे राहिले, चोळावं तितके आणखी बारीक होत गेले. खाली पडलेलं झाडून केराच्या डब्यात टाकलं आणि वर आले. मागच्या खोलीतही तोच पाइप. बाळाचा पाळणा येणार त्या भिंतीवर.

१३ नोव्हेंबर, शनिवार

इओलांदाबाईला सरळ विचारलं, आमच्या पाइपावर आहे ते खरंच ॲस्बेस्टॉस आहे का?

तिला रागच आला. म्हणाली, म्हणजे काय, तुला काय वाटलं, मुकादमाच्या घरात नकली माल लावतील? तिचा नवरा पिएत्रो सत्तावीस वर्षं कारखान्यात होता, त्यानेच स्वतःच्या हाताने ते लिंपलंय. बाहेरच्या गावांत लोक भुसा आणि चुना कालवून फसवतात, इथे तसलं चालायचं नाही. मग ती आत गेली, कपाटातल्या डब्यातून एक झुबका काढून आणला, चिमट्यात धरून स्टोव्हच्या जाळात घातला. लालबुंद झाला. बाहेर काढून फुंकर मारली, तर होता तसा. मला म्हणाली, बघ, शंभर नंबरी. तुझ्याकडचं कापून आण, तेही दाखवते.

मी विषय बदलायला गेले, पण तोवर तिने शेजारच्या एर्सिलिया आणि जेम्मा या दोघींना हाक मारली होती. दोघी आपापल्या घरातला नमुना घेऊन आल्या. तासभर तिघी माझी समजूत घालत होत्या. त्यांना वाटलं, मी शहरातली शंकेखोर बाई, माल अस्सल आहे की नाही म्हणून काळजी करतेय. माझी काळजी उलटी आहे हे मला सांगता आलं नाही. तिघींच्याही घरात भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता.

निघताना मी एवढंच म्हटलं, कोपरावर फार फाटलंय हो, बाळ येणार म्हणून जिवाला घोर लागतो. इओलांदाबाईने माझा हात थोपटला. म्हणाली, घोर कसला गं पोरी, आम्ही कशाला आहोत?

१७ नोव्हेंबर, बुधवार

मी आरोग्य खात्याला फोन केला होता, त्यांचा क्वालिया नावाचा माणूस येऊन गेला. बुटका, सतत सर्दी झालेला, बापही कारखान्यातच होता म्हणाला. होता, एवढंच.

त्याने मला आधी विचारलं की मी काय काय केलं. मी सगळं सांगितलं. सुरी, चिमूट, झाडू. त्याने वहीत टिपून घेतलं. मग म्हणाला, बाई, बाकी सोडा, पण कोरडा झाडू पुन्हा कधी मारू नका.

डोळ्यांनी ओळखताच येत नाही, म्हणे. कागद, जिप्सम, चुना, सगळं सारखंच पांढरं. जुनं घर, जाड वेष्टण, या गावातलं, म्हणून संशय दाट, पण खात्री करतो तो सूक्ष्मदर्शक. त्याने हातमोजे घातले, तोंडाला पट्टी बांधली, साबणाचं पाणी फवारून जागा भिजवली, नाण्याएवढा तुकडा काढला, एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत. भोकावर चिकटपट्टी. निकालाला तीन आठवडे.

तोवर काय करू म्हटलं. म्हणाला, काही करू नका, तेच सगळ्यांत चांगलं. हवेत उडालं की फुप्फुसात रुततं आणि वीस-तीस वर्षांनी मारतं, पण रंगाखाली, कापडाखाली आहे तोवर ते झोपलेलं आहे. त्याला जागं करू नका.

फाटक्या कोपराला आम्ही दोघांनी मिळून ओलं कापड गुंडाळलं आणि वरून प्लॅस्टिक. तळघराला मी कुलूप लावलं. रात्री आठवड्याने पहिल्यांदा शांत झोप लागली.

२८ नोव्हेंबर, रविवार

घर लख्ख आहे. बाळाची अंगडी-टोपडी धुऊन, इस्त्री करून ठेवली. मागच्या खोलीत काही नेलेलं नाही, निकाल येईपर्यंत मार्झिया माझ्याबरोबर पुढच्या खोलीतच झोपेल. निकाल वाईट आला तर रास्तेलींच्या दुकानावरच्या दोन खोल्या आहेत, दोन जानेवारीला रिकाम्या होतात. त्यांनी शब्द दिलाय.

उद्या तोरिनोला जाते. दोन दिवस बॉयलर विझू नये म्हणून घराची आणि तळघराची किल्ली इओलांदाबाईला देऊन ठेवली. पाइपाला हात लावू नका म्हणून बजावलं. म्हणाली, जा गं तू निवांत.

१ डिसेंबर, बुधवार

संध्याकाळी चारला पोचलो. दार उघडंच होतं. आतून गाण्याचा आवाज.

सगळी गल्ली मागच्या खोलीत होती. अकरा बायका. पदरमोड करावी तसं प्रत्येकीने आपापल्या माळ्यावरून जपून ठेवलेलं पोतं नाहीतर डबा आणला होता. जुनं वेष्टण पाव कापायच्या सुऱ्यांनी तासून काढलेलं, एप्रनच्या ओच्यातून अंगणात नेऊन टाकलेलं. माझ्या कपडे धुवायच्या टबात नवं कालवलेलं. कोपरापर्यंत हात पांढरे, केस पांढरे, भुवया पांढऱ्या. पाइप नवाकोरा, गुळगुळीत, वर फुलाफुलांचं कापड. खालीही तसंच केलंय म्हणाल्या. जेम्मा फरशी झाडत होती. कोरडी.

इथली रीतच आहे म्हणे. घरात बाळ यायचं असलं की गल्ली पाइपाला अंगडं चढवते. पूर्वी कारखान्याच्या पाळीतले पुरुष रविवारी येऊन करायचे, मग जेवणं व्हायची. आता पुरुष नाहीत, म्हणून बायका. इओलांदाबाई म्हणाली, हात लावू नका म्हणालीस तेव्हाच ओळखलं, तुला मागायला लाज वाटतेय. दोनदोनदा विचारत होतीस, अस्सल आहे ना, अस्सल आहे ना. आता डोळे झाकून विश्वास ठेव. लिंपायचं आमच्याकडचं शेवटचं होतं.

मार्झिया रडायला लागली. आनंदाने. तिच्यासाठी आजवर कुणी इतकं केलं नव्हतं. एर्सिलियाने त्या हातांनी तिचं पोट धरलं आणि पोटाची पापी घेतली.

मी किंचाळायला हवं होतं. मी कॉफी ठेवली. अकरा कप होत नव्हते, म्हणून बरण्यांमधून दिली.

२ डिसेंबर

दुकानातून क्वालियाला फोन केला. तोच मला फोन करणार होता, निकाल लवकर आलाय. निळं ॲस्बेस्टॉस. म्हणाला, पांढऱ्या जातीपेक्षा वाईट. मी हो म्हटलं. कालचं सांगितलं. म्हणाला, खोली लगेच बंद करा, मी माणसं आणतो.

खोली बंद. दाराच्या फटींत ओली फडकी. मार्झियाला सांगितलं, खोलीला ओल आलीय, बाळंतिणीला बरी नव्हे. तिला खरं सांगता येत नाही. दोन गेली आहेत. हे जाऊ द्यायचं नाही.

मला भीती वाटत नाहीये. काहीच वाटत नाहीये. दात काढताना बधिर करतात तशी मी आतून झालेय. जीभ फिरवते, दात आहे, पण माझा नाही.

४ डिसेंबर

खात्याची माणसं आली, पांढरे झगे, मुखवटे. पाइप सोलला. सगळं भिजवून पिशव्यांत भरून नेलं, खोली आणि तळघर प्लॅस्टिकने बंद केलं. मार्झियाला मी दिवसभर रास्तेलींकडे बसवलं होतं. पुढच्या खोल्या पुसून, हवा तपासून क्वालिया म्हणाला, दोन जानेवारीपर्यंत इथे राहता येईल, पण खिडक्या उघड्या ठेवा.

गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या. इओलांदाबाई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तिच्या पिएत्रोचं शेवटचं पोतं त्या पिशव्यांत गेलं.

त्यांना सांगायला हवं. काय सांगू? त्यांनाही माहीत आहे. इथे सगळ्यांना माहीत आहे. माहीत असून त्या अंगडं चढवतात. बहुधा त्याही अशाच बधिर झाल्या असतील, कधीतरी, गल्लीतला पहिला गेला तेव्हा.

६ डिसेंबर

पहाटे कळा. इस्पितळ. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुलगी. दोन किलो सहाशे. रडली, खणखणीत.

ओरिएत्ता.

आज थोडं काहीतरी वाटलं. मग गेलं.

९ डिसेंबर

दोघींना घरी आणलं. घर स्वच्छ. मी तीनदा ओल्या फडक्याने पुसलंय.

संध्याकाळी इओलांदाबाई आली. आठवड्यानंतर. पाळणा घेऊन, आत लहानशी गादी. अक्रोडाच्या लाकडाचा, गल्लीतली सगळी मुलं यातच वाढली, तिची स्वतःची दोन्हीही. म्हणाली, झालं गेलं विसरू. मी तिच्या गळ्यात पडले. पाळणा तिच्या घरून आलेला, या घरातलं काहीही त्याला लागलेलं नाही. तरी लाकूड ओल्या फडक्याने पुसलं. चादर इस्त्रीची.

१३ डिसेंबर

बाळ दूध ओढतं. झोपतं. पालथं घातलं की बराच वेळ झोपतं, गाल गादीवर दाबून.

मी रात्री श्वास मोजते. चाळीस. बेचाळीस. ठीक आहे.

१६ डिसेंबर

सकाळी उन्हाच्या पट्ट्यात धूळ दिसली. धूळ सगळ्यांच्याच घरी असते. पुसली. पुन्हा दिसली.

क्वालियाला फोन. म्हणाला, पुढच्या खोल्या साफ आहेत, मी स्वतः तपासल्यात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, बाई. विश्रांती घ्या.

१९ डिसेंबर

बाळाच्या पापणीवर एक धागा. केसाहून बारीक. लोकरीचा असेल. मार्झिया विणते.

ती निळं विणत नाही —

पाण्याने काढला. कुणाला सांगितलं नाही.

२१ डिसेंबर, मंगळवार

इओलांदाबाई आत्ता येऊन गेली. पाळण्यात डोकावली. बाळाला मी मांडीवर घेतलं होतं. म्हणाली, गादीचं बरं झालं, तेवढी तरी वाचली सरकारी माणसांच्या हातून. मी विचारलं, गादीचं काय? हसली. म्हणाली, अगं पोरी, पाइप गेला म्हणून आम्ही काय लेकराला थंडीत टाकणार होतो? गादी आम्हीच भरली. निळं, लांब धाग्याचं, कापसाहून मऊ. हा माल परदेशी जायचा, कामगाराच्या हाती लागायचा नाही. पिएत्रो जेवणाच्या डब्यातून थोडा थोडा आणायचा, नातवंडांसाठी म्हणून. नातवंडं काही झाली नाहीत.

मग म्हणाली, हिला पुरतोय, बरं वाटतं.

मी तिला म्हटलं, हो. चहा घेता का म्हटलं. नको म्हणाली. गेली. बाळाला मार्झिया पुढच्या खोलीत घेऊन गेली.

बारा रात्री. पालथी. गाल दाबून —

काय करायचं ते मला पाठ आहे. भिजवायची. हलवायची नाही. पिशवीत, मग दुसऱ्या पिशवीत. क्वालियाला फोन. त्याआधी बाळ. त्याआधी मार्झियाला खरं सांगणं, तीन आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं ते. उठायचं आहे. पाय आहेत. मी हे लिहीत का बसलेय — हात फक्त एवढंच करतोय —

दहा वाजले. पुढच्या खोलीची खिडकी उघडली. ऊन आलं असेल.

ती रोज या वेळी गादी कठड्यावर टाकते. वेताच्या झोडण्याने. मीच शिकवलंय, बाळाचं अंथरूण रोज झटकावं, बाळ कडेवर ठेवून, म्हणजे त्यालाही ऊन —

धप.

धप.

बाळ शिंकलं.

मार्झिया हसतेय. हाक मारतेय मला, आई, लवकर ये गं, बघ तरी, उन्हात कसं चम